लायब्ररी कुठे आहे ते माहितीये, पण तिथे जाऊन करायचं काय?

कॉलेजची लायब्ररी या विषयावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, पत्रं आली, ईमेल आले, काहींनी तर व्हॉट्सॲपवर लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवलेत. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पाच निवडलेत. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. एस.वाय.ला असाइनमेंट दिली की सत्तर मुलं सत्तर सारख्याच फायली आणून देतात, नेटवर जी पहिली साइट येते तीच सगळ्यांनी उतरवलेली. लायब्ररी भरलेली असते, पण मुलं आपापली एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीची पुस्तकं घेऊन बसतात, कपाटांकडे ढुंकूनही बघत नाहीत. जुलैमध्ये ग्रंथपाल सर तासभर ओरिएंटेशन घेतात, मुलं ऐकतात आणि विसरतात. यांना लायब्ररी वापरायला शिकवायचं तरी कसं?

उत्तर : मॅडम, जुलैचं ओरिएंटेशन बंद करा असं नाही म्हणणार, कार्ड कुठे मिळतं, वेळ काय, पुस्तक किती दिवस ठेवता येतं एवढं सांगायला ते हवंच. पण त्याला पंधरा मिनिटं पुरतात. बाकीचं सगळं मुलं विसरतात कारण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात काही शोधायचंच नसतं. ज्याला काही शोधायचं नाही त्याला शोधायचं कसं हे सांगून उपयोग काय? तोच तास ज्या आठवड्यात असाइनमेंट हातात पडते त्या आठवड्यात घ्या, मुलं कान देऊन ऐकतात, कारण आता मार्कांचा प्रश्न असतो.

आणि खरं सांगू का, आधी असाइनमेंटचा विषय बदला. ‘भारतातील दुष्काळ : कारणे व उपाय’ असा विषय दिला तर त्याचं तयार उत्तर शंभर ठिकाणी पडलेलं आहे, मुलं उचलणारच, त्यांच्या जागी कुणीही असतं तरी तेच केलं असतं. त्याऐवजी ‘१९७२ च्या दुष्काळात आपल्या तालुक्यात कोणकोणती सरकारी कामं निघाली आणि त्यातली आज काय शिल्लक आहेत’ असा द्या. हे कुठेच तयार मिळत नाही, जुळवावंच लागतं. तुमच्या जिल्ह्यात तर गावोगावी पाझर तलाव आहेत, रस्ते आहेत, मुलांच्या आज्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडलीये, तिथे खायला मिळणारी सुकडी खाल्लीये. विषय घरातला निघाला की निम्मी कॉपी तिथेच थांबते.

मग तीन तास काढा, सलग नको, आठवड्याला एक. तिन्ही तासांना तुम्ही आणि ग्रंथपाल सर दोघंही हजर हवेत. हे फार महत्त्वाचं आहे, कारण नुसते ग्रंथपाल बोलले की मुलांना वाटतं हा काही पोर्शन नाही, आणि नुसत्या तुम्ही बोललात तर कपाटापर्यंत कुणी जात नाही.

पहिला तास फळ्यावर. पुस्तक नाही, कॉम्प्युटर नाही, फक्त शब्द जमवायचे. मुलं ‘दुष्काळ’ एवढंच टाकून शोधतात आणि मग म्हणतात की काहीच मिळत नाही. त्यांच्याकडूनच काढून घ्या, दुष्काळ, अवर्षण, टंचाई, रोजगार हमी, रोहयो, पाझर तलाव, नालाबांध, सुकडी, इंग्रजीत ड्रॉट, फॅमिन, स्केर्सिटी. यात एक गंमत सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्र सरकारने १९६३ साली कायदाच करून राज्यातल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला आणि तिथे ‘स्केर्सिटी’ आणला, म्हणजे आपला टंचाई. आता १९७२ चा सरकारी अहवाल शोधायला जो पोरगा फॅमिन टाकेल त्याच्या हाती काय लागणार? टंचाईच्या भागांची पाहणी करणाऱ्या १९७३ च्या सुखटणकर समितीचा अहवाल ‘स्केर्सिटी एरियाज’ या नावानेच आहे. ज्या लोकांनी कागद लिहिले त्यांनी कुठला शब्द वापरला असेल हा विचार मुलांना एकदा करायला लावला की तो पुढे सगळ्या विषयांना उपयोगी पडतो.

दुसरा तास लायब्ररीत. सत्तर मुलं एकदम आत घेऊ नका, दोन बॅच करा, बॅचमध्ये गट पाडा आणि प्रत्येक गटाला वेगळा स्रोत द्या. एका गटाला मराठी विश्वकोश. एकाला जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती एकत्र देणारा सरकारी ग्रंथ, सोलापूरचं १८८४ चं जुनं गॅझेटियरही आहे आणि त्यात १८७६-७७ च्या दुष्काळाबद्दल वाचायला मिळतं, म्हणजे तुलना करायला आयतं साधन. एकाला सरकारी आकडेवारी, म्हणजे राज्याची आर्थिक पाहणी, ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, जनगणनेची जिल्हा पुस्तिका. ही समालोचनं अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, तालुकावार तक्ते असतात, आणि माझ्या मते आपल्याकडच्या प्रोजेक्टसाठी यासारखी कामाची गोष्ट नाही, तरी बऱ्याच मुलांना ती असते हेच माहीत नसतं. एका गटाला शोधगंगा, त्यावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध फुकट वाचायला मिळतात. आणि शेवटच्या गटाला थेट रॅक.

रॅकवाल्या गटाला नंबरांचा खेळ समजावून सांगा. पुस्तकांना विषयाप्रमाणे नंबर द्यायची जी ड्यूई पद्धत आहे तिच्यात शेतीचं अर्थकारण ३३८.१ ला बसतं, अन्नपुरवठा आणि उपासमार ३६३.८ ला, बेरोजगारी ३३१ च्या आसपास, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ ला आणि दुष्काळावरची मराठी कादंबरी ८९१.४६ ला. एकच विषय, पाच रॅक. ‘दुष्काळाची पुस्तकं कुठे आहेत’ याला एक उत्तर नसतं हे मुलाने स्वतः चालत जाऊन बघितलं पाहिजे, स्लाइडवर दाखवून ते डोक्यात जात नाही.

तिसरा तास सगळ्यांत मोलाचा, तो घाईत उरकू नका. प्रत्येक गटाने काय आणलं ते समोरासमोर ठेवायचं. रोजगार हमी योजना कधी सुरू झाली विचारा. एक गट सांगेल १९७२, दुसरा १९७७, तिसरा १९७९. मुलं गोंधळतात आणि तुमच्याकडे बघतात की मॅडम बरोबर उत्तर सांगा. सांगू नका, पुस्तकं परत उघडायला लावा. मग कळतं की योजना १९७२ ला सुरू झाली, कायदा १९७७ चा आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून, म्हणजे तिघांचंही बरोबर आहे, फक्त कोण कशाबद्दल बोलतंय ते बघावं लागतं. तसंच आकड्यांचं. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती असं मुलं लिहून आणतील, तर विचारा, हा आकडा त्या एका महिन्याचा की वर्षाचा, कुणी मोजला, कुठल्या पानावर मिळाला? एवढं विचारायची सवय लागली तर लायब्ररीचं शिक्षण झालं समजा.

मार्क द्यायचे ते शेवटी लिहून आणलेल्या पानांनाच सगळे देऊ नका. वीसपैकी सात-आठ मार्क शोधाच्या वहीला ठेवा. कुठले शब्द वापरून बघितले, कुठे बघितलं, काय मिळालं, काय मिळालं पण घेतलं नाही आणि का नाही घेतलं, हे मुलाने स्वतःच्या हाताने, मोडक्यातोडक्या भाषेत का होईना पण लिहायचं. ही वही कॉपी करून लिहिता येत नाही, कारण प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असतात. आणि तुम्हालाही तपासताना कळतं की कोण कुठे अडकलंय.

एमपीएससीच्या मुलांबद्दल एकच सांगते, त्यांच्यावर नाराज होऊ नका. घरी अभ्यासाला जागा नसते, लाइट नसते, म्हणून ती येतात. लायब्ररीत बसायची सवय त्यांना आधीच आहे, फक्त कुणीतरी सांगायला हवं की तुम्ही क्लासच्या नोट्समध्ये जे आर्थिक पाहणीचे आकडे पाठ करताय ती मूळ आर्थिक पाहणी मागच्या रॅकवर आहे.

प्रश्न : मी एफ.वाय.बी.ए.ला आहे. आमच्या गावात लायब्ररी नव्हती, शाळेत पण पुस्तकं कपाटात कुलपात असायची. कॉलेजच्या लायब्ररीत आत जाऊ देत नाहीत, काउंटरवर चिठ्ठी द्यायची, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि लेखक लिहायचा. मला कुठलं पुस्तक पाहिजे तेच माहीत नसतं, मागे रांग असते, काउंटरवरचे सर घाईत असतात. दोनदा गेलो आणि तसाच परत आलो. काय करू?

उत्तर : बाळा, पहिली गोष्ट, यात तुझं काही चुकलेलं नाही. पुस्तकाचं नाव आधीच माहीत पाहिजे ही अपेक्षाच उलटी आहे, नाव कळावं म्हणून तर माणूस लायब्ररीत जातो. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्र ज्यांनी उभं केलं त्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, आणि चौथा की वाचकाचा वेळ वाचवा. प्रत्येक ग्रंथपालाने हे शिकलेलं असतं. म्हणजे तू विचारायला जातोस तेव्हा कुणावर उपकार मागत नाहीस, तुला मदत करणं हे त्यांचं काम आहे आणि बहुतेकांना ते मनापासून आवडतं, फक्त सुट्टीत रांग लागलेली असताना त्यांना बोलायला वेळ नसतो.

म्हणून वेळ बदल. मधल्या सुट्टीत जाऊ नको, सकाळी लायब्ररी उघडल्या उघडल्या जा नाहीतर दुपारी तीननंतर. आणि पुस्तकाचं नाव न सांगता काम सांग. असं म्हण, ‘सर, मला स्थानिक स्वराज्य संस्थांवर पाच पानं लिहायचीत, पंधरा तारखेला द्यायचंय, मराठीतलं सोपं पुस्तक हवंय, कुठलं बघू?’ विषय, किती लिहायचंय, कधी द्यायचंय आणि कुठल्या भाषेत, एवढ्या चार गोष्टी सांगितल्या की समोरच्याला लगेच सुचतं. काउंटरवरच्या माणसाला नाही सुचलं तर ग्रंथपाल मॅडम किंवा सर कुठे बसतात ते विचार आणि थेट केबिनमध्ये जा. जायला धीर होत नसेल तर पहिल्यांदा मित्राला घेऊन जा.

दुसरं, कॉलेजच्या लायब्ररीची यादी आता बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर असते, त्याला ओपॅक म्हणतात. तुमच्याकडे आहे का विचार, बऱ्याच कॉलेजांची तर मोबाइलवरही उघडते. त्यात पुस्तकाच्या नावाने न शोधता विषयाने शोध, ‘पंचायत राज’, ‘ग्रामपंचायत’, ‘जिल्हा परिषद’, ‘स्थानिक स्वराज्य’ असे वेगवेगळे शब्द टाक. जे पुस्तक बरं वाटेल त्याच्यासमोरचा वर्गांक (विषयाचा नंबर) आणि दाखल क्रमांक (त्या प्रतीचा स्वतःचा नंबर) दोन्ही लिहून घे, चिठ्ठीवर हे नंबर लिहिले की शोधणाऱ्याचं काम चटकन होतं. आणि त्याच वर्गांकाची अजून कुठली पुस्तकं आहेत ते बघ, ती सगळी कपाटात शेजारी शेजारीच असतात. ग्रंथपालांना विनंती कर की सर, मला एकदा या नंबरच्या रॅकपाशी पाच मिनिटं उभं राहू द्या. नियमाप्रमाणे बंद असलेल्या लायब्ररीतही असं विचारणाऱ्या मुलाला आत सोडतात, मी अनेकांना सोडलेलं आहे, आणि असं विचारणारा मुलगा लक्षातही राहतो.

एक पुस्तक हातात आलं की ते पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नको. आधी अनुक्रमणिका बघ, मग शेवटची सूची बघ, तुझा शब्द कुठल्या पानांवर आहे ते बघ आणि तेवढीच पानं वाच. मग त्या लेखकाने मागे जी संदर्भग्रंथांची यादी दिलेली असते ती वाच. तिथे तुला पुढच्या चिठ्ठीवर लिहायची नावं मिळतील. म्हणजे पहिल्या चिठ्ठीपुरतीच अडचण आहे, दुसऱ्या वेळेपासून तुझ्याकडे नावं असणार.

ग्रंथपाल मंडळी हे वाचत असतील तर त्यांनाही हात जोडून सांगते, चिठ्ठीवर पुस्तकाच्या नावाच्या खाली ‘विषय’ अशी एक ओळ छापून घ्या. आणि रोज परत आलेली पुस्तकं लगेच आत न नेता काउंटरशेजारच्या टेबलावर दिवसभर राहू द्या. लाजणारी मुलं तिथे येऊन हळूच चाळतात.

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला बी.कॉम. करते. सगळा अभ्यास चॅटजीपीटीवर. मी म्हणतो लायब्ररीत जा, ती म्हणते पप्पा आता लायब्ररीची गरज नाही, संदर्भ पण तेच देतं. तिला काय सांगू?

उत्तर : तिला रागावू नका, एक काम द्या. त्या चॅटबॉटने दिलेले संदर्भ, लेखक, लेखाचं नाव, जर्नलचं नाव, वर्ष, पान, हे सगळं घेऊन तिने एकेक संदर्भ प्रत्यक्ष उघडून दाखवायचा. गुगल स्कॉलरवर, म्हणजे गुगलच्या संशोधन लेख शोधायच्या साइटवर बघायचं, त्या जर्नलच्या साइटवर जाऊन त्या वर्षाचा अंक बघायचा, कॉलेजच्या लायब्ररीत विचारायचं. काही निघतील. काही अशा निघतील की लेखक खरा आहे, जर्नल खरं आहे, पण तो लेख त्याने कधी लिहिलेलाच नाही. हे चॅटबॉट वाक्य जुळवण्यात हुशार असतात, एखाद्या संदर्भासारखं दिसणारं वाक्यही तितक्याच सहज जुळवतात, आणि ते इतकं व्यवस्थित दिसतं की शंकाच येत नाही.

हे मुलांपुरतंच आहे असं नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या केसमध्ये चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल जोडले, ते निकाल अस्तित्वातच नव्हते आणि न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. शिकलेसवरलेले वकील जिथे फसतात तिथे बी.कॉम.च्या मुलीला दोष कशाला द्यायचा, तिला तपासायला शिकवलं पाहिजे एवढंच.

आणि ते वापरूच नको असंही सांगू नका, ते चालणारही नाही. इंग्रजी लेखातला अवघड परिच्छेद समजून घ्यायला, किंवा एखाद्या विषयाला आणखी कुठले शब्द वापरतात ते विचारायला त्याचा चांगला उपयोग होतो. जीएसटीवर प्रोजेक्ट असेल तर ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’, ‘कंपोझिशन स्कीम’ असे शब्द तिथून घ्यायचे आणि मग ते शब्द घेऊन जीएसटी परिषदेच्या साइटवर, जर्नल्समध्ये, पुस्तकात शोधायचं. जे डोळ्यांनी बघितलं नाही ते संदर्भयादीत लिहायचं नाही. घरात नियम करायचाच असेल तर हा करा, बाकी तिला मोकळं सोडा.

प्रश्न : मी एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. एन-लिस्टचे, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि पुस्तकं देणाऱ्या योजनेचे पैसे कॉलेज दरवर्षी भरतं, मुलांचे लॉगिन काढून दिले, नोटीस लावली, कार्यशाळा घेतली, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइलला फोटोही लागले, पण वापराचा रिपोर्ट काढला तर मोजकीच मुलं दिसतात. स्टाफ म्हणजे मी आणि एक अटेंडंट. एकट्याने किती करायचं?

उत्तर : सर, एकट्याने नका करू, होणारही नाही. आधी शिक्षकांमधला एक जण पकडा. सगळ्या विभागांच्या मागे लागू नका, जो किंवा जी स्वतः पीएच.डी. करतेय, स्वतःला लेख लागतायत, अशी एकच व्यक्ती शोधा आणि तिला एन-लिस्टवरून तिच्या कामाचे चार लेख काढून द्या. तिचं काम झालं की ती वर्गात आपणहून बोलते, आणि शिक्षकाने वर्गात सांगितलेल्या एका वाक्याचा परिणाम तुमच्या दहा नोटिसांपेक्षा जास्त होतो.

मग मुलं. तुमच्याकडे कमवा आणि शिका योजना असेल तर त्यातली दोन-तीन मुलं मागून घ्या आणि त्यांना फक्त पुस्तकं लावायला ठेवू नका, शोधायला शिकवा. ओपॅक, शोधगंगा, नॅशनल डिजिटल लायब्ररी, एन-लिस्ट एवढं त्यांना नीट आलं की एक टेबल द्या आणि वर पाटी लावा, ‘प्रोजेक्टसाठी काय शोधताय? इथे विचारा’. मुलं मुलांना न लाजता विचारतात. त्या मुलांचाही फायदा असतो, पुढे कुठे नोकरीला गेली तर माहिती शोधता येणं हे कामाचंच आहे.

लॉगिनचं म्हणाल तर अडचण बहुतेक वेळा साधीच असते. मुलाने कॉलेजात प्रवेश घेताना दिलेला ईमेल सायबर कॅफेवाल्याने बनवलेला असतो, त्याचा पासवर्ड त्यालाही माहीत नसतो, मग एन-लिस्टचा मेल जातो तो कुणी उघडतच नाही. म्हणून कार्यशाळेचा अर्धा वेळ नुसता लॉगिन करण्यात गेला तरी चालेल, प्रत्येकाच्या मोबाइलवर तिथल्या तिथे उघडून, एक लेख डाउनलोड करूनच मूल बाहेर पडलं पाहिजे. भाषण कमी करा. आणि नॅशनल डिजिटल लायब्ररीपासून सुरुवात केलीत तर आणखी सोपं, आयआयटी खरगपूरने उभी केलेली आहे, मुलांना फुकट आहे, कॉलेजच्या लॉगिनवर अडत नाही.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारी पैशातून संस्थांना जर्नल्स वाचायला देणाऱ्या योजनेबद्दलही पुष्कळ जण विचारतात. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार जर्नल्स. पण सुरुवात सरकारी संस्थांपासून आहे, त्यामुळे आपल्या कॉलेजला ते लागू आहे का ते आधी विचारून घ्या आणि मगच मुलांना सांगा, नाहीतर मुलं घरी जाऊन प्रयत्न करतात, उघडत नाही आणि त्यांचा एकूणच विश्वास उडतो.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी हारफुलांसोबत एक शोध स्पर्धा ठेवा. दहा प्रश्न, लायब्ररीतच उत्तरं मिळतील असे, आणि उत्तरासोबत पुस्तकाचं नाव आणि पान लिहिलं तरच मार्क. प्रश्न गावाशी जोडलेले ठेवा, आपल्या तालुक्यात २०११ च्या जनगणनेत साक्षरता किती होती, गॅझेटियरमध्ये आपल्या गावच्या बाजाराबद्दल काय लिहिलंय, असे.

प्रश्न : मी गोव्यात एम.ए. मराठी करतेय. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नियतकालिकांवर प्रोजेक्ट घेतलाय. गाइड म्हणतात संदर्भ जास्त हवेत, पण मराठीत शोधलं की ऑनलाइन काही मिळतच नाही. इंग्रजीवाल्यांना सगळं एका क्लिकवर मिळतं. आमच्यासाठी काही आहे का?

उत्तर : आहे, भरपूर आहे, पण विखुरलेलं आहे आणि शोधायची पद्धत थोडी वेगळी आहे.

सगळ्यांत आधी सूची हातात घे. शं. ग. दाते यांनी आयुष्य घालवून मराठी ग्रंथसूची केली, १८०० ते १९३७ मधली मराठी पुस्तकं त्यात विषयवार आहेत. तुझ्या कामाची त्याहून जवळची म्हणजे दाते, काळे आणि बर्वे यांची १८०० ते १९५० ची मराठी नियतकालिकांची सूची, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने काढलेली. कुठलं नियतकालिक कधी निघालं, कुठून निघालं हे तिथे बघायचं आणि मग ते अंक कुठे आहेत ते शोधायला निघायचं. एम.ए.च्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मराठीच्या मुलामुलीच्या हातात या सूची द्यायला हव्यात असं मला फार तळमळीने वाटतं, गुगलला जे माहीत नाही ते यात आहे.

ऑनलाइन शोधताना स्पेलिंग आणि शुद्धलेखन दोन्हीकडे लक्ष दे. १९६२ ला नवे नियम आले त्याआधीच्या छापील मराठीत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘मराठींत’ असे अनुस्वार असायचे, जुन्या पुस्तकांची नावं यादीत तशीच चढवलेली असतात, त्यामुळे आजच्या शुद्धलेखनाने शोधलं की निसटतात. दोन्ही टाकून बघ. शोधगंगेवर मराठी प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत असतात, कधी रोमन लिपीत, आणि रोमनमध्ये ज्याने चढवलं त्याला वाटलं तसं स्पेलिंग, म्हणून ‘नियतकालिक’ हा एकच शब्द चार प्रकारांनी टाकावा लागतो. गावांची नावंही तशीच, जुन्या कागदात पूना, शोलापूर, नव्यात पुणे, सोलापूर, आणि आता छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर झालं तरी जुने अहवाल औरंगाबाद आणि अहमदनगर याच नावाने सापडणार. स्कॅन केलेल्या मराठी पीडीएफमध्ये शब्द टाकून शोधायला गेलं तर बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, शब्द नाही असा त्याचा अर्थ नसतो, तिथे अनुक्रमणिकाच बघावी लागते.

मराठी विश्वकोश संपूर्ण ऑनलाइन आहे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच पुस्तकं साइटवर फुकट ठेवलीत. तिथे बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’ (१८३२), ‘दीनबंधु’ (१८७७), ‘केसरी’ (१८८१) अशा नावांनी शोध, नुसतं ‘नियतकालिके’ टाकून थांबू नको.

आणि तू गोव्यात आहेस हे तर चांगलंच आहे. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली स्थापन झालेलं, म्हणजे ‘दर्पण’ आणि ते एकाच वर्षाचे. गोव्याच्या जुन्या छापील साहित्यासाठी आधी तिथे जा. जाताना गाइडचं पत्र, कॉलेजचं आयकार्ड आणि पाहायच्या अंकांची यादी, नाव आणि साल लिहून, अशी तयारीनिशी जा, कारण जुने अंक आतून काढून आणायला वेळ लागतो आणि ते बाहेर नेता येत नाहीत, तिथेच बसून टिपणं घ्यावी लागतात. मोबाइलने फोटो काढायला परवानगी आहे का ते आधीच विचार. प्रत्येक टिपणावर अंकाची तारीख आणि पान तिथल्या तिथे लिही, घरी येऊन आठवत नाही. मुंबईला जाणं झालं तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटी या दोन्ही ठिकाणी आधी फोन करून, कुठले अंक उपलब्ध आहेत ते विचारून मगच तिकीट काढ.